वीस पडले म्हणजे सगळं जमलं?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना वीस बाजूंच्या फाशावर 20 पडले की नवखा खेळाडू आनंदाने उठून उभाच राहतो. आता राजा स्वतःहून मुकुट काढून देणार, अशी त्याची खात्री असते.

राजा देत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 सालचा. त्याच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत 20 ला हुकमी यश मिळतं ते हल्ल्यात. कुलूप उघडताना किंवा कुणाचं मन वळवताना फाशाचा आकडा आणि पात्राचं कौशल्य यांची बेरीज खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोचावी लागते. कौशल्याची भर 3 आणि लक्ष्य 25 असेल, तर 20 पडूनही बेरीज 23 च. कुलूप बंदच!

हल्ल्यातही घोळ होतो. दुप्पट होतात ते नुकसानीचे फासे, वरची भर नव्हे. लांब तलवारीचा आठ बाजूंचा एक फासा अधिक 3 असेल, तर फासे दोन टाकायचे, 3 मात्र एकदाच मिळवायचे.

मरणपंथाला लागलेल्या पात्राला मात्र 20 खरोखर उठवतं: जीवशक्तीचा एक हिट पॉइंट मिळतो, शुद्ध येते.

अशक्य गोष्टीसाठी डन्जन मास्टरने फासा टाकायला लावूच नये. बरेच वाद तिथेच मिटतात.