डॉ. कोटणीस आणि चीनमधील भारतीय वैद्यकीय पथक : काही रूढ समज

युद्धाने आणि यादवीने पोखरलेल्या देशातील वैद्यकीय मदतीचा विषय निघाला की मराठी वाचकाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, परंतु व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ही स्मृती एकाच व्यक्तीभोवती इतकी घट्ट गुंफली, की ते एकटेच चीनला गेले, असा समज रूढ झाला. वस्तुतः १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेल्या पथकात पाच डॉक्टर होते : स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि कोटणीस. हे पथक सरकारीही नव्हते; चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना केलेल्या विनंतीवरून, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, काँग्रेसने लोकवर्गणीतून ते पाठवले.

पथक केवळ साम्यवाद्यांच्या मदतीस गेले, हा समजही अपुरा आहे. १९२७ पासून परस्परांशी लढणारे कुओमिनतांग आणि साम्यवादी हे दोन पक्ष जपानी आक्रमणामुळे १९३७ मध्ये एकत्र आले होते, आणि पथकाने आधी कुओमिनतांगच्या प्रदेशात काम करून फेब्रुवारी १९३९ मध्ये साम्यवाद्यांचे केंद्र असलेले येनान गाठले. मात्र निःपक्षपात, म्हणजे उपचारांत भेद न करणे, आणि तटस्थता, म्हणजे संघर्षात बाजू न घेणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत; १९४२ मध्ये साम्यवादी पक्षाचे सदस्य झालेल्या कोटणीसांवर दुसरी लादणे इतिहासाला धरून होणार नाही.

सर्वांत हानिकारक समज असा, की अशी मदत म्हणजे रणभूमीवरील शस्त्रक्रिया. कोटणीसांनी त्या अहोरात्र केल्या हे खरे. परंतु १९४१ पासून बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक असताना त्यांनी चिनी भाषेत शिकवले आणि शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखनही हाती घेतले, कारण बाहेरून आलेला डॉक्टर कधीतरी जाणारच, तेव्हा स्थानिक माणसे तयार करणे हाच टिकाऊ उपचार होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला तोही गोळी लागून नव्हे, तर अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, झटक्यांनी. डॉ. बसू १९४३ मध्ये परतले. १९४६ मध्ये यादवी पुन्हा पेटली तेव्हा पथकातील एकही डॉक्टर तेथे नव्हता आणि जखमींचा भार तेथेच शिकलेल्यांना पेलायचा होता.