उत्तर देणारी अवजारं

चोवीसशे जोड्यांची टेलिफोन केबल म्हणजे चार हजार आठशे तारा. मॅनहोलमध्ये अशा दोन केबल एकमेकींना जोडायच्या, तर चार हजार आठशे सांधे करायचे, आणि प्रत्येक तार पलीकडच्या नेमक्या तिच्याच तारेला भेटली पाहिजे. मोठ्या शहरांत रस्त्याखालून जाणाऱ्या केबल अशाच दांडग्या असत. फोनवर खरखर आली, आवाज बुडू लागला, की दोष तारेत क्वचित निघे, सांध्यातच अधिक वेळा सापडे. तार कारखान्यात यंत्रावर घडते. सांधा मात्र माणसाच्या बोटांनी व्हायचा, पाणी उपसून कोरड्या केलेल्या खड्ड्यात, दिव्याच्या उजेडात, डोक्यावरून वाहनं जात असताना.

मुंबईत २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. टेलिफोनचा इतिहास सांगताना आपण एक्स्चेंजचं सांगतो, ग्रॅहम बेलचं सांगतो, पुढे उपग्रहांचं सांगतो. हे सांधे करणाऱ्या जॉइंटरच्या पिशवीत काय होतं हे कुणी विचारत नाही. ती पिशवी उघडून पाहण्यासारखी आहे. या कामासाठी सुचलेली अवजारं एकामागून एक पाहत गेलं की त्यांतल्या उत्तम अवजारांचा एक समान गुण दिसतो. ती काम करतात, आणि काम झालं की नाही हेही सांगतात.

जुन्या केबलमध्ये तांब्याच्या प्रत्येक तारेवर कागद गुंडाळलेला असे आणि सगळ्यांवर मिळून शिशाचं आवरण. कोरडा कागद हा विजेचा चांगला रोधक, पण ओल लागली की निकामी. म्हणून जॉइंटरचा खरा शत्रू दमट हवा. तो शिसं कापून तारा मोकळ्या करी, दोन-दोन तारा पिळून जोडी आणि प्रत्येक सांध्यावर कागदाची छोटी नळी सरकवी. मग सगळ्या गुच्छावर वितळलेलं पॅराफिन मेण पळीनं ओतत राही. कागदात ओल असली तर तिची वाफ होऊन मेणावर फेस येई. फेस येईनासा झाला की केबल कोरडी झाली असं समजायचं. मोजमापाचं यंत्र नाही, आकडा नाही, तरी याहून स्पष्ट उत्तर दुसरं कुठलं? त्यानंतर शिशाची मोठी नळी सांध्यावर ओढून तिची दोन्ही टोकं कथिल आणि शिशाच्या मिश्रणानं बंद करायची. हे मिश्रण एकदम गोठत नाही, काही काळ लोण्यासारखं मऊ राहतं, आणि तेवढ्याच अवधीत चरबी लावलेल्या कापडाच्या घडीनं ते गोल फिरवत बसवायचं. हात लवकर फिरला तर ओघळ येणार, उशीर झाला तर भेग राहणार. पुढे या केबलमध्ये दाबाखाली कोरडी हवा भरून ठेवू लागले. आवरणाला चीर पडली की हवा बाहेर सुटे, त्यामुळे पाणी आत शिरत नसे आणि एक्स्चेंजमधल्या मापकावर दाब उतरलेला दिसे. रस्त्याखाली कुठेतरी जखम झाली आहे, ही खबर ग्राहकाच्या तक्रारीआधीच मिळायची.

प्लॅस्टिकचं वेष्टन आलं तसा कागद गेला, आणि आत पेट्रोलियमची जेली भरलेल्या केबल आल्या. ओलीचं भय कमी झालं आणि रंगांची शिस्त आली. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच रंग एका बाजूला आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसऱ्या बाजूला. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. पण चार हजार आठशे तारांचं प्लॅस्टिक सोलायचं कोणी? चाकू जरा खोल गेला की तांब्यावर ओरखडा पडतो आणि नंतर तार तिथेच तुटते.

याचं जे उत्तर निघालं ते मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत देखणं वाटतं. सोलायचंच नाही. धातूच्या पातळ पट्टीला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच द्यायची, तारेच्या तांब्याहून किंचित अरुंद. तार वेष्टनासकट त्या खाचेत दाबली की खाचेच्या कडा प्लॅस्टिक बाजूला सारतात आणि तांब्यात रुततात. पट्टी स्प्रिंगसारखी ताणलेली राहते, त्यामुळे दाब वर्षानुवर्षं टिकतो आणि धातू धातूला जिथे भिडतो तिथे हवाच पोचत नाही. हवा नाही म्हणजे गंज नाही. थ्रीएम कंपनीचे स्कॉचलॉक कनेक्टर याच तत्त्वावर चालतात. बोटाच्या पेराएवढी डबी, आत जेली, वर बटण. दोन तारा तळापर्यंत सरकवायच्या आणि पकडीनं बटण दाबायचं. डबी पारदर्शक असते, आणि हे केवळ दिसायला बरं म्हणून नाही. तार शेवटपर्यंत गेली की नाही हे दाबण्याआधी डोळ्यांना दिसलं पाहिजे, कारण दाबल्यावर माघार नाही.

एक्स्चेंजमधल्या एमडीएफवर, म्हणजे जिथे बाहेरून आलेली प्रत्येक जोडी आतल्या यंत्रणेला भेटते त्या उभ्या चौकटींवर, हेच तत्त्व क्रोन मॉड्यूलच्या रूपानं आलं. बर्लिनच्या क्रोन कंपनीनं १९७०च्या दशकात ते आणलं. सोलणं नाही, स्क्रू नाही, डाग देणं नाही. खाच तारेला काटकोनात न धरता पंचेचाळीस अंशांत धरते, त्यामुळे तार पिळासारखी घट्ट बसते आणि ताणाखाली सुटत नाही. सोबतचं अवजार हातात नीट मावणारं. तार खाचेवर ठेवून अवजार दाबलं की आतली स्प्रिंग ठराविक जोराला सुटते, तार तळाशी बसते आणि उरलेलं टोक त्याच झटक्यात कापलं जातं. खट् असा आवाज होतो. तो आवाज येईपर्यंत दाबायचं, आल्यावर थांबायचं. नवशिक्याचा हात आणि वीस वर्षं काम केलेल्याचा हात, दोघांचा सांधा सारखाच बसतो, कारण किती जोर लावायचा हे आता स्प्रिंग ठरवते. अवजाराच्या पोटात एक छोटा आकडाही दडवलेला असतो, चुकीची तार उपसून काढायला. चूक होणारच हे धरून ज्यानं तो आकडा बसवला, त्याला हे काम जवळून माहीत होतं.

जोडण्याआधी केबल ओढावी लागते. शेकडो फूट डक्टमधून जड केबल खेचताना तिचं टोक धरायचं कसं? चिमट्यानं धरलं तर आवरण चिरडतं, दोरानं बांधलं तर निसटतं. अमेरिकेत एडगर केलेम्स यानं तारांच्या जाळीची सुधारलेली पकड काढली आणि त्याची बहीण व्हिव्हियन केलेम्स हिनं १९२७ मध्ये कनेक्टिकट राज्यात ती बनवणारी कंपनी काढली. पकड म्हणजे पोकळ विणलेला पोलादी मोजा. परकराची पोकळ विणीची नाडी ताणली की लांब आणि बारीक होते ना, तसाच हा मोजा जितका ओढावा तितका केबलला आवळत जातो, आणि जोर एका बिंदूवर न पडता सगळ्या लांबीवर वाटला जातो. ओढणं थांबलं की सैल होतो. दुसऱ्या महायुद्धात हीच पकड तोफगोळे उचलायलाही वापरली गेली. व्हिव्हियनबाई पुढे गाजल्या त्या वेगळ्याच लढ्यामुळे. कामगारांच्या पगारातून सरकारसाठी आयकर कापून द्यायला त्यांनी १९४८ मध्ये जाहीर नकार दिला. त्यांच्या त्या भांडणावर पुष्कळ लिहिलं गेलं, पकडीवर फार थोडं. पण वायरमन आजही तिला केलेम्स ग्रिप म्हणतात.

आता केबल बिघडल्यावरची गोष्ट. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक समुद्राच्या तळाशी टाकलेली टेलिग्राफची पहिली तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले. पलीकडे खुणा इतक्या क्षीण येत होत्या की विद्युत विभाग सांभाळणाऱ्या व्हाइटहाउस यांनी विजेचा दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत वाढवला. सप्टेंबरमध्ये तार कायमची गप्प झाली. विल्यम थॉमसन, ज्यांना आपण लॉर्ड केल्विन म्हणून ओळखतो, त्यांचा मार्ग उलट होता. त्यांनी बारीकशा चुंबकाला चिमुकला आरसा चिकटवून तो रेशमाच्या धाग्यावर टांगला आणि त्यावर दिव्याचा झोत सोडला. अगदी दुबळा प्रवाह आला तरी आरसा किंचित वळे आणि दूरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका लांबवर सरके. एकानं ओरडण्याचा जोर वाढवला, दुसऱ्यानं ऐकण्याची शक्ती. १८६६ मध्ये टिकाऊ तार पडली ती ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजावरून, आणि हेच जहाज १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत तार टाकत गेलं. मुंबई समुद्राखालून लंडनशी बोलू लागली.

थॉमसन यांचा धडा केबलच्या कामात मुरला. पुढे तारेत विजेचा छोटा ठोका सोडून तिचा पडसाद मोजणारी यंत्रं आली. तार जिथे तुटली असेल तिथून ठोका परततो आणि परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. खणायचं कुठे, हे केबलच सांगते. आजचा फायबर जोडणारा मुलगा दोन काचतंतू वितळवून जोडतो तेव्हा सांध्यात किती प्रकाश वाया जाईल याचा अंदाज यंत्राच्या पडद्यावर उमटतो. मेणावरच्या फेसाचं काम आता तो आकडा करतो.

घरातल्या स्वयंचलनाकडे वळलं की याच गुणाची उणीव टोचते. सुरुवात उत्तम होती. मिनिअ‍ॅपोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यानं १८८५ च्या सुमारास खोली थंड पडली की कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडणारी यंत्रणा केली. खोलीची ऊब भट्टीला उत्तर देत होती. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोटही तेच करतो. पाणी काठाला आलं की पंप बंद. पण १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावी पिको इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनी एक्स-टेन ही पद्धत काढली तेव्हा त्यांची युक्ती जितकी सुंदर होती तितकीच अपुरी. नवी वायर टाकायचीच नाही, घरातल्या वायरिंगमधूनच आज्ञा पाठवायची. घरातल्या विजेचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. त्या निवांत क्षणी एक मिलिसेकंदाचा १२० किलोहर्ट्‌झचा ठोका सोडायचा. ठोका आला तर एक, नाही आला तर शून्य. सोळा घरखुणा, प्रत्येकीत सोळा उपकरणं, मिळून २५६ पत्ते. १९७८ पासून अमेरिकेच्या दुकानांत हे मिळू लागलं. एक आज्ञा दुहेरी पाठवायला पाऊण सेकंद लागे, तेही चाललं असतं. पण सुरुवातीची उपकरणं फक्त ऐकत, बोलत नसत. दिवा लागला का, हे बटण दाबणाऱ्याला कळत नसे. शेजारी एखादं गोंगाटी उपकरण असलं की आज्ञा वाटेतच विरे.

आपल्याकडे ही अडचण शेतातल्या मोटरीवर येऊन उभी राहते. कृषिपंपांना वीज आलटून पालटून मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला विहिरीवर जायचं म्हणजे काळोखात बांधावरून, साप-विंचवातून, आणि जुन्नर-शिरूरकडच्या उसात बिबट्याच्या भीतीतून. यावर शेतकऱ्यांनी ऑटो स्विच लावले. वीज आली की मोटर आपोआप चालू. सोय खरी, पण वीज येताच एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. डीपी जळते आणि मग आठवडाभर सगळंच शिवार कोरडं. म्हणून ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगत असतं. या सांगण्यात तथ्य आहे, पण रात्री उठून जाणाऱ्याला त्यातून पर्याय मिळत नाही.

पर्याय पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी शोधला. पंप चालू करण्यासाठी म्हाताऱ्या आजोबांना शेतापर्यंत करावी लागणारी पायपीट त्यांच्या मनात घर करून होती. मोबाइल खेड्यापाड्यांत पोचल्यावर त्यांनी नॅनो गणेश हे उपकरण आणलं. स्टार्टरला जोडलेल्या खोक्यात एक मोबाइल, आणि शेतकऱ्याच्या हातात दुसरा, साधाच. घरून फोन लावायचा, आकडे दाबायचे, मोटर चालू. याला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की वीज आहे का आणि मोटर खरोखर सुरू झाली का, हे फोनवरच कळतं. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाच्या कानाला समजेल अशी ही सोय आहे. शिवाय प्रत्येकजण आपापल्या वेळी मोटर लावू शकतो, सगळ्यांचा एकदम झटका बसत नाही.

तरीही मोटर चालू आहे म्हणजे पाणी येतंय असं नाही. विहिरीला किंवा बोअरला पाणी उरलं नाही तर पंप कोरडा फिरतो, तापतो आणि जळतो. कोरड्या फिरणाऱ्या मोटरीवर ओझं नसतं, म्हणून ती कमी प्रवाह ओढते. स्टार्टरमध्ये प्रवाह मोजणारी छोटी कॉइल बसवली की हा फरक ओळखून मोटर बंद करता येते, आणि तालुक्याच्या गावचे मोटर वाइंडर आता ड्राय रनचं हे संरक्षण बसवून देतात. थ्री फेजपैकी एक फेज गेली तर तोडणारा प्रिव्हेंटर त्याच पेटीत असतो. यापुढचा प्रश्न पाटाचा आहे. ठिबक असेल तिथे व्हॉल्व्ह आपोआप फिरवता येतात. पाटपाण्यावर भिजणाऱ्या वावरात मात्र पाणी सरीच्या शेवटाला पोचलं की नाही हे पाहून दारं धरायला माणूस अजूनही रात्री उभाच असतो, आणि सरीच्या टोकाचं पाणी घरी कळवणारं स्वस्त, चिखलात टिकणारं, गावात दुरुस्त होणारं अवजार करायचं काम बाकी आहे.