गाठ गुदमरते, पण मरत नाही!

लोकल पकडायला जिना धावत चढलात की धाप लागते. ऑक्सिजन कमी पडला की शरीर जुळवून घेतं. पेशींचं हेच कसब कॅन्सरची गाठही वापरते. फक्त तिथे ते आपल्याच मुळावर येतं.

स्तन, फुप्फुस, आतडं अशा अवयवांतला कॅन्सर घट्ट गाठीसारखा वाढतो. तोही इतका भराभर, की रक्तवाहिन्या मागे पडतात. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. बऱ्याच मरतात, पण काही तग धरतात. कशा?

इथे एन्ट्री होते ‘एचआयएफ-१’ या प्रथिनाची. भरपूर ऑक्सिजन असताना पेशी ते सतत मोडून टाकते. ऑक्सिजन घटला की ते टिकतं आणि एकामागून एक जनुकं चालू करत सुटतं. पेशीला ऑक्सिजनची ही जाणीव कशी होते, हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

गंमत पुढे आहे. चालू झालेल्या एका जनुकापासून प्रथिन बनतच नाही! बनतो तो सुमारे २२ अक्षरांचा चिमुकला ‘मायक्रो-आरएनए २१०’. तो दुसऱ्या जनुकांचे निरोप मधेच अडवतो. पेशीचं पॉवरहाऊस म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. ते नीट चालायला लागणारी प्रथिनंच मग कमी बनतात. ऑक्सिजन खाणारं इंजिन मंदावतं आणि पेशी ग्लुकोज अर्धवट फोडून दिवस काढते.

याचा फटका बसतो पेशंटला. रेडिएशनने डीएनएला झालेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसेल, तर तेवढ्याच परिणामासाठी जवळपास तिप्पट डोस लागू शकतो. रक्तातून येणारं औषधही तिथे कमीच पोचतं. वाचलेल्या पेशींपासून गाठ पुन्हा वाढू शकते.

मग हा आरएनए बंदच करून टाकावा? इतकं सोपं नाही. ऑक्सिजन कमी पडला की निरोगी पेशीही तोच वापरतात. म्हणून एकीकडे त्याला गाठीतच रोखायचे प्रयोग चाललेत, तर दुसरीकडे रक्तातल्या त्याच्या प्रमाणावरून आजाराचा अंदाज येतो का, हे तपासलं जातंय.

बायोच्या पुस्तकात ‘डीएनए, आरएनए, प्रथिन’ असे बाण दिसले, तर मधल्या स्टेशनवर जरा थांबा. सगळेच आरएनए पुढची गाडी पकडत नाहीत. काही तिथेच थांबून सिग्नल बदलतात!