संकेतस्थळ कोणी बांधावे आणि कोणाच्या नावावर असावे

यवतमाळच्या मुलखाला परगावचे गिऱ्हाईक नवे नाही. वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड या पेठांतून कापूस आणि धान्य पिढ्यान्‌पिढ्या जिल्ह्याबाहेर जात आले; परंतु त्या मालाची आणि तो पिकविणाऱ्याची वार्ता दूरच्या खरेदीदारापर्यंत पोहोचविण्याचे काम बहुतांशी अडत्याकडे आणि दलालाकडे राहिले. आज नागपूर–हैदराबाद महामार्गाने येणारा प्रवासी पांढरकवडा गाठण्यापूर्वीच आपल्या फोनवर टिपेश्वर अभयारण्यालगतच्या निवासाची चौकशी करतो आणि ज्याची माहिती त्याला तेथे स्वच्छपणे वाचावयास मिळते, त्याच्याच दारी उतरण्याचा संभव अधिक असतो. मध्यस्थावाचून गिऱ्हाइकाशी बोलण्याची ही सोय ज्याला हवी आहे, त्या लहान व्यावसायिकापुढे मग ओघानेच प्रश्न उभा राहतो, की संकेतस्थळ आपले आपणच तयार करावे, की त्या विद्येत मुरलेल्या माणसाला मोबदला देऊन करवून घ्यावे.

या प्रश्नाच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो सोडविल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ जातो. ज्याचे सारे गिऱ्हाईक पायी चालत येते, अशा दिग्रसच्या किराणा दुकानदाराला किंवा नेरच्या शिंप्याला संकेतस्थळाची निकड नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची विनामूल्य नोंद, तीत दुकान उघडण्याची अचूक वेळ आणि चालू फोन क्रमांक, आणि जोडीला व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी, एवढ्याने त्याचे काम भागते. गरज आहे ती ज्याला गिऱ्हाइकाने कधी पाहिलेले नाही त्याला: टिपेश्वरच्या सुन्ना प्रवेशद्वाराच्या परिसरात पर्यटकांना खोल्या देणाऱ्या कुटुंबाला, आपल्या सभासदांची तूरडाळ पुण्या-मुंबईच्या घरांत पोहोचवू पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला, किंवा कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनासाठी येणाऱ्या परगावच्या भाविकांची उतरण्याची व्यवस्था करणाऱ्याला. अनोळखी माणसाचा विश्वास संपादन करणे हेच संकेतस्थळाचे प्रयोजन होय.

स्वतः करावयाचे म्हटले तर आज मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे. विक्स, गूगल साइट्स यांसारख्या सेवांत तयार आराखडे मिळतात. त्यांत आपला मजकूर आणि छायाचित्रे भरली की संगणकाची भाषा न शिकताही पाने उभी राहतात. वर्डप्रेस ही २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेली आज्ञावली तर सर्वांना विनामूल्य खुली आहे. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात आणि व्यावसायिक रचनाकारांपैकीही पुष्कळजण तिचाच आधार घेतात. म्हणजे दोन्ही मार्गांची साधने पुष्कळदा एकच असतात. पैसे मोजावयाचे ते अनुभवासाठी, वेळेसाठी आणि पुढच्या देखभालीसाठी.

तथापि तयार सेवेतील जागा ही भाड्याची जागा आहे, हे विसरता कामा नये. गूगलने आपल्या व्यवसाय-नोंदीबरोबर लहान दुकानदारांना विनामूल्य संकेतस्थळे करून दिली होती. ती सारी मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली, आणि ज्यांनी छापील पावत्यांवर व फलकांवर तोच पत्ता दिला होता, त्यांच्या हाती त्या पत्त्याचा काहीही ताबा उरला नाही.

वापर आपला आणि मालकी दुसऱ्याची, या स्थितीचा अर्थ यवतमाळकरांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर ही नॅरोगेज ‘शकुंतला’ गाडी ज्या लोहमार्गावरून धावली, तो किलिक निक्सन या पेढीच्या आधिपत्याखालील ब्रिटिश कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी उभारला. देशातील रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा मार्ग त्यातून वगळला गेला; पुढे स्वतंत्र भारताची रेल्वे तो कराराने चालवीत राहिली, आणि प्रवासी आमचे, गाडी चालविणारे आमचे, पण मार्गाची मालकी खासगी कंपनीची, असा प्रकार दशकानुदशके चालला. लहान व्यावसायिकाच्या संकेतस्थळाचे असे होऊ नये, हाच या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

म्हणून बांधणी कोणीही करो, प्रथम नाव आपल्या मालकीचे करावे. संकेतस्थळाचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून वर्षाच्या मुदतीने घ्यावा लागतो. ‘डॉट इन’ हा पत्ता सामान्यतः वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतो. मात्र पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर विचारून घ्यावा. नोंदणीत मालक म्हणून आपलेच नाव, आपलाच ईमेल आणि आपलाच फोन क्रमांक असावा. रचनाकाराने सोय म्हणून सर्व काही स्वतःच्या खात्यावर घेतले आणि पुढे तो गाव सोडून गेला किंवा संबंध बिघडले, तर नूतनीकरण न झाल्यास वर्षानुवर्षे कमावलेले नाव मुदतीनंतर कालांतराने हातचे जाते आणि ते दुसरा कोणीही घेऊ शकतो.

कायद्याचीही एक बाजू येथे लक्षात घेतली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते, आणि सामान्य नियम असा की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. बाहेरच्या रचनाकाराला केवळ पैसे दिल्याने त्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे हक्क आपोआप आपल्याकडे येत नाहीत. त्यासाठी हक्क हस्तांतरित केल्याचा, त्याच्या सहीचा लेखी दस्तऐवज लागतो. तेव्हा करारनाम्यात चार कलमे अवश्य असावीत: हक्कांचे हस्तांतरण, सर्व खात्यांचे परवलीचे शब्द सुपूर्द करणे, संपूर्ण संकेतस्थळाची प्रत ठराविक मुदतीने देणे, आणि देखभालीचा वार्षिक मोबदला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या संकेतस्थळावर केवळ माहिती द्यावयाची आहे, ते मालकाने स्वतः करावे, हेच श्रेयस्कर. टिपेश्वरलगतच्या निवासाचेच पाहा: अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते, दर हंगामागणिक बदलतात, भोजनात कधी झुणका-भाकर असते, कधी नसते. असा प्रत्येक फेरबदल करण्यासाठी नागपूरच्या रचनाकाराची विनवणी करावी लागली, तर मजकूर शिळा होतो, आणि शिळ्या मजकुराने गेलेला विश्वास परत मिळविणे कठीण. स्वतः करताना दोन दक्षता मात्र घ्याव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा, कारण डीटीपीच्या दुकानात जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात आणि गूगलच्या शोधातही तो सापडत नाही. दुसरे असे की फोनने काढलेली अवजड छायाचित्रे आकाराने लहान करूनच चढवावीत; झरी जामणीच्या एखाद्या गावात, जेथे नेटवर्क क्षीण आहे, तेथेही पान उघडले पाहिजे. आणि तेलंगणाची सीमा इतकी निकट असताना इंग्रजीबरोबर तेलुगूतही एक पान असणे केळापूर तालुक्यातील निवासचालकाला हितावह ठरेल.

परंतु संकेतस्थळावरूनच पैसे स्वीकारावयाचे असतील, एकाच खोलीचे आरक्षण दोघांना एकाच दिवशी जाऊ नये अशी तजवीज हवी असेल, किंवा शेकडो गिऱ्हाइकांचे पत्ते जतन करावयाचे असतील, तर तेथे हौशी कामाचा मोह आवरावा. व्यापार म्हणून नियमितपणे ऑनलाइन विक्री करणाऱ्यावर २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांची जबाबदारी येते: कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दर्शविणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे, आणि महिन्याभरात तिचा निकाल लावणे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही ग्राहकांची माहिती बाळगणाऱ्याला सुरक्षिततेचे उत्तरदायित्व सांगतो. परक्या माणसाचा पैसा आणि परक्या माणसाची माहिती जेथे येते, तेथे जाणकाराचा मोबदला हा खर्च न मानता जोखमीची तरतूद मानावा.

तात्पर्य, आरंभ स्वतः करावा, तोही चार-पाच पानांचा: आपण कोण, काय देतो, दर किती, कसे पोहोचावे, कोणाला फोन करावा. गिऱ्हाईक वाढले, व्यवहार संकेतस्थळावर येऊ लागला, की जाणत्या माणसाला पाचारण करावे. त्याने पूर्वी केलेली कामे उघडून पाहावीत आणि ज्यांच्यासाठी ती केली त्यांना फोन करून विचारावे. ज्यांचे संकेतस्थळ आधीच कोणी करून दिलेले आहे, त्यांनी या आठवड्यात एवढे एकच काम करावे: आपल्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे तपासून घ्यावे, आणि ते नाव आपले नसेल तर बदलून घेण्याची मागणी आजच लेखी करावी.