उंदराच्या नाकातील तांबे

नर उंदराच्या मूत्राला लसणीशी नाते सांगणारा जो उग्र दर्प येतो, त्याचे मूळ गंधकाचे दोन अणू अंगी वागवणाऱ्या मिथाइलथायोमिथेनथायॉल नामक एका लहानशा रेणूत आहे. आणि हे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार करून मूत्रात मिसळले असता माद्या त्या मूत्राकडे अधिक ओढीने वळतात, असे ड्यूक विद्यापीठातील लॉरेन्स कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले. आपण ज्याने नाक मुरडावे त्यावर उंदरीने लुब्ध व्हावे, हा अभिरुचीचा प्रश्न असून त्याबाबत तक्रार करण्याचा आपणांस अधिकार नाही.

हा दर्प ओळखणारे ग्राहक-प्रथिन ज्या जनुकाच्या हुकमाने घडते, त्याची शास्त्रीय दप्तरातील नोंद ‘एमओआर २४४-३’ अशी रुक्ष आहे. लिंडा बक व रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली उजेडात आणलेल्या, आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या, विशाल जनुककुलातील ते एक. अशी सुमारे अकराशे कार्यक्षम जनुके उंदराजवळ असतात, माणसाजवळ चारशेच्या आसपास. नाकातील प्रत्येक चेतापेशीला मात्र त्यांपैकी एकाचाच अंमल चालवण्याची मुभा असते.

गंधरेणू ग्राहकात किल्लीसारखा बसतो, हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. गंधकयुक्त थायॉले धातूंना घट्ट धरतात आणि अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात, या दोन गोष्टींची सांगड घालून रॉबर्ट क्रॅबट्री यांनी १९७८ सालीच, म्हणजे या जनुकांचा मागमूसही नव्हता तेव्हा, नाकात तांबे असावे असा तर्क मांडला होता. त्याला दाखला मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हिरोआकी मात्सुनामी, एरिक ब्लॉक, हान्यी झुआंग आदींनी हे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातले, तेव्हा तांब्याचे आयन असताना त्या पेशी या दर्पाला जोरकस प्रतिसाद देत, आणि तांबे बांधून ठेवणारे रसायन टाकताच तो प्रतिसाद मावळे. तेच रसायन जिवंत उंदरांच्या नाकात सोडल्यावर त्यांनाही हा गंध वेगळा ओळखता येईना. तर्क करणाऱ्यापेक्षा तो अशा साध्या कसोटीला लावणाऱ्याचे मला अधिक कौतुक वाटते.

आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरच्या वायूत गळती कळावी म्हणून जे मरकॅप्टन मिसळतात, तेही थायॉलच. आणि त्या वर्गातील लहान रेणू ओळखणारा ‘ओआर२टी११’ हा मानवी ग्राहकदेखील तांब्याच्या साहाय्याने अधिक तीव्र प्रतिसाद देतो, असे २०१६ साली आढळून आले.