कुलूप कोणी घातले?

कामगार संघटनेचे दप्तर आता वाशीमसारख्या गावीही ट्रंकेतून निघून संगणकात जाऊ लागले आहे. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या 20 व्या कलमाने हिशेबाच्या वह्या व सभासदांची यादी पाहण्याचा हक्क सभासदाला दिला. तेव्हा यादी कोणाला उघडते नि कोणाला नाही, हा आम्ही केवळ यंत्राचा प्रश्न मानीत नाही. एका कचेरीत कोषाध्यक्षांनी सायंकाळी यादीत दोन नावे घालून ती जतन केली. सकाळी चिटणिसांना तीत एक अक्षर लिहिता येईना. लगेच कुजबूज सुरू झाली, की त्यांनी मुद्दाम कुलूप घातले!

कुलूप पडले होते खरे. लिनक्सवर चालणारा संगणक माणसांचे तीन वर्ग मानतो: मालक, गट आणि इतर. हक्कही तीनच, वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालविण्याचे 1. म्हणून 664 याचा अर्थ, मालक व गट यांनी वाचावे-लिहावे, इतरांनी नुसते वाचावे.

आता पुष्कळसे संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्याचे प्रोग्रॅम, जतन करताना जुन्या फाइलीत खाडाखोड करीत नाहीत. ते शेजारी नवी फाइल लिहितात आणि ती पुरी झाली की तिला जुनीचे नाव देतात. यात शहाणपण आहे. मध्येच वीज गेली (आणि आमच्याकडे ती जाते) तरी जुनी प्रत शाबूत राहते. पण कारकुनाने वही नव्याने उतरवून तिच्यावर जुने लेबल चिकटवावे, तसे हे झाले. नाव तेच, वही दुसरी. तिचा मालक जतन करणारा, आणि हक्क त्याच्या खात्याला नेमून दिलेले. या नेमणुकीला यूमास्क म्हणतात. तो 022 असेल तर 666 मधून गटाचे व इतरांचे लिहिणे जाऊन 644 उरते. 077 असेल तर 600 उरते. मग सभासदाला यादी वाचताही येत नाही. कित्येक संपादक जुने हक्क नव्या प्रतीवर चढवतात, परंतु मालकी दुसऱ्याच्या नावे करणे साध्या वापरकर्त्याच्या हाती नसते.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की फाइल 444, म्हणजे सर्वांस केवळ वाचण्यापुरती केली, तरी तिच्या फोल्डरवर ज्याला लिहिण्याचा हक्क आहे तो साधारणपणे तिच्या जागी दुसरी आणून बसवू शकतो. नाव फोल्डरच्या ताब्यात असते, फाइलीच्या नव्हे.

म्हणून बंदोबस्त फोल्डरपासून करावा. त्यावर सेटजीआयडीची खूण केली की आत निर्माण होणारी फाइल त्याच गटाची होते. यूमास्क 002 ठेवला की गटाचे लिहिणे टिकते. विम या संपादकात बॅकअपकॉपी 'येस' केल्यास तो नक्कल बाजूला काढून मूळ फाइलीतच लिहितो. वैतागून 777 करणारे मात्र दप्तर चावडीवर उघडे टाकतात.

आणि कोणावर संशय घेण्याआधी जतनापूर्वी एकदा व नंतर एकदा 'एलएस -एलआय' ही आज्ञा द्यावी. ओळीच्या आरंभीचा आयनोड क्रमांक बदललेला दिसला, तर वही नवी आहे.