भरल्या घरातला पहिला सव्वा महिना

आपल्याकडे बाळ एकट्या आईच्या पदरात येत नाही, भरल्या घरात येतं. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, जावा, चुलत भावंडं सगळी वाट बघत असतात. पैठण असो, कन्नड असो की सिल्लोड, बाळ-बाळंतीण दवाखान्यातून आली की ओसरीवर माणसं मावत नाहीत. एवढे हात घरात असणं ही मोठी श्रीमंती आहे. पण त्या हातांना नेमकं काम नसलं, तर सगळे बाळाला घेतात आणि बाळंतिणीच्या ताटाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. म्हणून आज आपण पहिल्या सव्वा महिन्याबद्दल बोलणार आहोत.

या दिवसांची घरात दोन कॅलेंडरं असतात. एक आजीचं: पाचवी, बारसं, सव्वा महिना. आपल्या मुस्लिम मैत्रिणींकडे छठी, अकीका आणि चाळीस दिवसांचा चिल्ला. दुसरं आशाताईचं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल, तर पहिल्या दिवशीही येते. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. सव्वा महिना म्हणजे साधारण चाळीस दिवस, आणि आशाताईची शेवटची भेट बेचाळिसावी. हे दिवस नाजूक असतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

आशाताईच्या या भेटींमागे आपल्याच महाराष्ट्रातलं काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, बाळ ऊबदार ठेवायला शिकवायच्या, आजार ओळखून उपचार करायच्या. तिसऱ्या वर्षी शेजारच्या इतर गावांच्या तुलनेत तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 2011 मध्ये हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली. म्हणून आशाताई आली की ‘बाळ झोपलंय, नंतर या’ म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.

आता दिवसांप्रमाणे घरातली कामं बघू.

पहिलं काम जन्मानंतर पहिल्या तासातलं. बाळाला लगेच आईच्या अंगावर द्यायचं. पहिलं पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, हे बाळाचं पहिलं लसीकरणच समजा. तो पिळून टाकायचा नाही. मध, गूळपाणी, घुटी काही चाटवायचं नाही. मधामधून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नकोच. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्रे तापतात तेव्हा आजीचा जीव कळवळतो, पण त्या दुधातच बाळाला पुरेल एवढं पाणी असतं. तहान आईला लागते. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणं हे जावेचं किंवा नणंदेचं काम.

पहिली अंघोळ निदान 24 तासांनंतर. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर आशाताई सांगेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं आणि आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून ठेवायचं. ही ऊब आजी देऊ शकते, बाबाही देऊ शकतो. थंडीत कुंची, झबलं, टोपरं हवंच. पण उन्हाळ्यात दोन गोधड्यांत गुंडाळलेलं बाळ तापतं. पोटाला आणि पायाला हात लावून बघा. दोन्ही सारखे कोमट असले की बरोबर. पाय गार असले तर ऊब द्या, पोट कढत लागलं तर एक पांघरूण काढा. शेक-शेगडी आणि धुरी कोंदट खोलीत नको, कारण त्या धुरानं बाळाचा श्वास कोंडतो. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नका, ती कोरडी राहू द्या. काजळ डोळ्यात घालू नका.

मग येते पाचवी. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. ती रीत आनंदानं पाळावी. त्याच दिवशी घरातल्या शिकलेल्या पोरीनं दुसरा एक कागद लिहून पाळण्याजवळ चिकटवावा. त्यावर 102 आणि 108 हे मोफत गाडीचे नंबर, आशाताईचा नंबर आणि खाली धोक्याच्या खुणा: बाळ दूध ओढत नाही. अंग ढिलं पडलंय, रडणं क्षीण झालंय. अंग तापलंय किंवा गार पडलंय. शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय. झटके येतायत. पोट फुगलंय. बेंबीतून पू येतोय. तळहात-तळपाय पिवळे पडलेत. यातलं एक जरी दिसलं, तरी ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, गाडी बोलवायची. बाळंतिणीला फार रक्त जात असेल, ताप किंवा झटके आले, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तरीही तेच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही वर्षभरापर्यंत मोफत आहेत.

गाडी बोलवायचा निर्णय कोण घेणार, हेही आधीच ठरवा. मोठ्या घरात एक म्हणतो नेऊ, दुसरा म्हणतो मोठ्यांना विचारू, आणि मोठे शेतात असतात. ज्या बाईच्या हाती बाळ आहे, तिला विचारण्यात वेळ न घालवता निघायची मुभा हवी.

बाराव्या दिवशी बारसं. आत्या कानात कुर्र करते, घुगऱ्या वाटल्या जातात, बाळंतविडा येतो. पण त्या दिवशी बाळ पन्नास हातांतून फिरतं. टँकरच्या दिवसांतसुद्धा दारात एक बादली, तांब्या आणि साबण ठेवा. हात धुवूनच बाळाला घ्यायचं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्यानं लांबून ओवाळावं, आणि मुका कुणीच घेऊ नये. हे नव्या सुनेला बोलता येत नाही. सासूबाईंनी किंवा आजीनं एकदा मोठ्यानं सांगितलं की कुणाला राग येत नाही. जन्माची नोंदही विसरू नका. 21 दिवसांच्या आत ती मोफत होते. आता शाळेच्या प्रवेशालाही हाच दाखला लागतो.

बारशाच्या दिवशीच आपल्या घराची खरी परीक्षा होते. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर गप्प ओसरी, असं अजूनही घडतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या 1000 मुलांमागे 894 मुली होत्या, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात फक्त 807. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं लागलेल्या 285 मुलींना एका कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. एवढी वर्षं त्या पोरी हाक आली की ‘नको’ ऐकत होत्या. नाव म्हणजे घरानं केलेलं स्वागत असतं. लेकीचं बारसंही तेवढ्याच थाटात करा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीसाठी लेक लाडकी योजना आहे. जन्मावेळी 5000 रुपये, पुढे शाळेच्या टप्प्यांवर आणि अठराव्या वर्षी मिळून एकूण 1 लाख 1 हजार. त्याच्या अटी आणि अर्ज अंगणवाडीताईकडे विचारा.

बारशानंतर पाहुणे जातात आणि घर कामाला लागतं. नेमकी तेव्हाच बाळंतीण एकटी पडते. चौदावा ते अठ्ठाविसावा दिवस तिच्यावर लक्ष ठेवायचा. ती रात्रभर जागी असते, म्हणून दुपारी दोन तास बाळ आजीकडे द्या आणि तिला झोपू द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण तिच्या वाट्याला नको, पहिलं ताट तिचं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर छानच, पण रोजची भाकरी, वरण, पालेभाजी, दूध किंवा अंडं नेहमीपेक्षा जास्त हवं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणं पुष्कळजणींना होतं. दोन आठवडे उलटूनही ती गप्प राहत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते बाहेरचं नाही आणि नाटकही नाही. तिला डॉक्टरांकडे न्या.

आणि थोरल्या लेकराला विसरू नका. ‘आता तुझे लाड संपले, वाटेकरी आला’ असं आपण हसत म्हणतो, पण त्याला ते खरं वाटतं. त्याला छोटं काम द्या: दुपटं आणून देणं, पाळण्याची दोरी हळू ओढणं. रोज थोडा वेळ तरी त्याची आई फक्त त्याची असू द्या.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटची भेट देईल. त्याच वेळी, दीड महिन्याच्या लसींसाठी बाळाला न्यायचं असतं. पुढच्या लसी अडीच आणि साडेतीन महिन्यांना. लसीचं कार्ड कपाटात दडवू नका, हाताशी ठेवा.

ज्या घरात येत्या महिन्यांत पाळणा हलणार आहे, त्या घरच्या बायांनी गटाच्या पुढच्या बैठकीत एक वाटणी करून घ्यावी. बाळंतिणीचं ताट कुणाचं, दुपारची झोप कुणाच्या भरवशावर, थोरल्याची शाळा कुणाकडे, हात धुवायला कोण सांगणार, गाडीला फोन कोण करणार. पाच कामं आणि पाच नावं. पुरुषांचीही नावं लिहा.